रॉकलाही एक छबिलदास हवं

गेल्या पावसाळ्यातली शनिवारची रात्र. पुण्यातल्या एका पबच्या बाहेर, पार्किंगच्या कठड्यावर माझी भाची बसली होती. मांडीवर बेस गिटारची बॅग, हातात पाण्याची बाटली. आत तिच्या बँडचा सेट संपून दहा मिनिटं झाली होती आणि दुसरा बँड स्टेजवर चढत होता. त्या दुसऱ्या बँडला ऐकायचं म्हणून ती महिनाभर दिवस मोजत होती. पण तिचं वय 19. वाजवायला आत जाता आलं, कारण मॅनेजरने 'आर्टिस्ट' लिहिलेली पट्टी मनगटाला बांधली होती. वाजवून झालं, पट्टी कापली, बाहेर. बाउन्सर भला माणूस होता. "मॅडम, माझी नोकरी जाईल," एवढंच म्हणाला.

मी तिला घ्यायला गेलो तर ती मान तिरकी करून, कान भिंतीला लावल्यासारखी बसलेली. म्हणाली, "मामा, भिंतीतून फक्त बेस आणि किक येतेय. बाकीचं गाणं मी मनात धरतेय."

मला त्या बाउन्सरचा राग नाही, मॅनेजरचाही नाही. महाराष्ट्रात बिअर प्यायला 21 वर्षं पूर्ण लागतात, बाकी मद्याला 25. 2024 च्या मे महिन्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीचा जो अपघात झाला, दोन तरुण जीव गेले, त्यानंतर दारात वय तपासणं कडक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. परवाना ज्याच्या नावावर आहे तो पोरीचं वय बघणारच. प्रश्न वेगळा आहे. स्वतःची गाणी रचून वाजवणाऱ्या पोरांना या शहरात उभं राहायला दारूच्या परवान्याखेरीज दुसरं छप्परच का नाही? भरतनाट्यम करणारी, कविता वाचणारी, एकांकिका करणारी तिच्याच वयाची मुलं कुठं ना कुठं जाऊन उभी राहतात, त्यांचे आईबाप पहिल्या रांगेत बसतात. माझी बहीण मात्र मुलीचं वाजवणं मोबाइलवरच्या हलत्या व्हिडिओत बघते, कारण पबमध्ये रात्री साडेदहाला यायला तिला संकोच वाटतो. तिचं तरी काय चुकलं?

असं कुणी ठरवलं नाही, ते होत गेलं. कसं होत गेलं ते मी थोडं पाहिलंय.

नव्वदच्या दशकात आम्ही इंजिनिअरिंगची चार पोरं सिंहगड एक्स्प्रेसने मुंबईला जायचो ते रंगभवनसाठी. धोबी तलावाजवळचं, झेवियर्स कॉलेजला खेटून असलेलं सरकारी खुलं नाट्यगृह. 1978 साली सुरू झालेली 'जॅझ यात्रा' तिथं भरायची आणि 1986 पासून फरहाद वाडियांचा 'इंडिपेंडन्स रॉक', म्हणजे आमच्या भाषेत आय-रॉक. दुपारी इराण्याकडे बन-मस्का खाऊन रांगेत उभं राहायचं, काळे टी-शर्ट घामाने अंगाला चिकटायचे, आत एकामागून एक बँड. त्यातले निम्मे भिकार असायचे. हे लिहायलाच हवं, कारण त्या काळाबद्दल बोलताना आमच्या पिढीचा गळा फार लवकर दाटून येतो. पण भिकार बँडलाही तिथं हजारो लोकांसमोर भिकार वाजवायची संधी मिळायची आणि पुढच्या वर्षी तो जरा बरा होऊन यायचा. 1984 मध्ये मुंबईत जमलेला 'रॉक मशीन' 1988 मध्ये स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचा अल्बम काढतो, 1993 मध्ये नाव बदलून 'इंडस क्रीड' होतो, आणि त्यांचा गिटारवाला महेश तिनईकर हा आमच्या दृष्टीने शेजारच्या आळीतला कुणीतरी वाटतो, हे सगळं त्या वातावरणात घडलं. आम्ही रात्रीच्या पॅसेंजरने परत यायचो. कान वाजत असायचे. लोणावळ्यापर्यंत कुणी बोलायचं नाही.

मग 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र. रंगभवनच्या आसपास हे तिन्ही. तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम थांबले आणि पुन्हा सुरू करण्याच्या घोषणा तेवढ्या अधूनमधून होत राहिल्या. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. इस्पितळातल्या माणसाला माझ्या आवडीच्या गिटारपेक्षा झोप महत्त्वाची, यात वाद घालण्यासारखं काही नाही. तक्रार एवढीच, की एक जागा बंद करताना तिच्या बदल्यात दुसरी द्यायची असते हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. नाटकाचं थिएटर पाडायचं म्हटलं तर या राज्यात आंदोलन होतं. बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासाचा विषय निघाला की अख्खं पुणे बोलतं. रंगभवन बंद झालं तेव्हा काळे टी-शर्ट घरी गेले, इतकंच.

तिथून पुढं बँड बारमध्ये शिरला. मुंबईत जुहूचं 'रॅझबेरी ऱ्हायनोसेरस', मग 2007 मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 'ब्लू फ्रॉग'. ब्लू फ्रॉगचा आवाज काय होता! तिथं ऐकलेला स्नेअर ड्रमचा एकेक टोला अजून आठवतो. 2016 मध्ये तेही मिटलं. बारच्या जिवावर चालणारी जागा बारच्या हिशेबानेच मरते, त्यात नवल नाही.

तो हिशेब एकदा जवळून बघू. परवाच्या शनिवारी भाचीच्या पाच जणांच्या बँडला 10,000 रुपये मिळाले. नव्या पोरांना एवढे मिळणं म्हणजे चांगलंच. त्याआधी बारा तास जॅमरूम, म्हणजे सरावाची खोली, घेतली होती, सिंहगड रोडला एका बंगल्याच्या गॅरेजात, तासाला 350. (भिंतींना गोधड्या, जुन्या गाद्या आणि अंड्यांचे ट्रे ठोकलेत. अंड्यांच्या ट्रेने आवाज बाहेर जायचा थांबत नाही, खोलीतला घुमारा थोडा कमी होतो इतकंच. पण देशातल्या प्रत्येक जॅमरूममध्ये ते असतातच, दारावरच्या लिंबू-मिरचीसारखे.) ते झाले 4,200. साउंडच्या मुलाला 1,500. उरले 4,300, पाच जणांत 860 रुपये. बेसच्या तारांचा एक बरा सेट त्याहून महाग पडतो.

हे 10,000 पबच्या मालकाने बिअरच्या बिलातून काढलेले असतात. त्यामुळे बँड किती चांगला हे टेबलावर किती ऑर्डर गेल्या यावरून ठरतं. अनोळखी गाणं सुरू झालं की लोक सिगरेट ओढायला बाहेर जातात, ऑर्डर थांबते. मग मॅनेजर स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरच्या कडेला येऊन बोटं वर करतो: दोन बॉलिवूड टाका. तो संगीताचा शत्रू वगैरे नाही, त्याला भाडं भरायचंय. सेट रात्री साडेनऊच्या आत सुरू होत नाही, कारण बार तेव्हा भरतो. आणि आयपीएलच्या दोन महिन्यांत तर स्टेजच्या जागी पडदाच लागतो. भाचीच्या बँडकडे स्वतःची नऊ गाणी आहेत. त्या रात्री त्यांनी त्यातली तीन वाजवली, बाकी सात गाणी दुसऱ्यांची. अशा जागी तीन वर्षं वाजवल्यावर बँड काय शिकतो? लोकांना उठू न देण्याची कला. ती कला वाईट नाही, ऑर्केस्ट्रावाल्यांची सगळी हयात तिच्यावर गेली. पण नवं गाणं लोकांसमोर ठेवून, कुठं पडलं कुठं उभं राहिलं ते बघून, घरी जाऊन दुसरा अंतरा खोडून पुन्हा लिहायचा, हे काम तिथं होत नाही.

यावर हमखास उत्तर येतं: अहो, लाइव्हचा तर आता सुवर्णकाळ आहे! 2010 मध्ये पुण्यातच कोरेगाव पार्कात 'वीकेंडर' हा संगीत महोत्सव सुरू झाला, देशभरातली पोरं पुण्याला येऊ लागली. 2023 पासून महालक्ष्मी रेसकोर्सवर 'लोलापलूझा' होतो. 2025 च्या जानेवारीत कोल्डप्लेचे तीन प्रयोग नेरुळच्या स्टेडियमवर झाले आणि तिकिटांच्या काळ्या बाजारावरून पोलिसांपर्यंत प्रकरण गेलं. मागणी तर आहेच की.

आहे. पण ही जत्रा झाली. जत्रेला पाळणा येतो, गर्दी होते, गावाचं नाव होतं. घरात मीठ-मिरची मात्र आठवडी बाजारातून येते. वीकेंडरने पुण्यातल्या कितीतरी बँडांना चांगला स्टेज दिला हे मी मानतो, मी तिथं चिखलात उभा राहून ऐकलंय. पण वर्षातून एकदा 40 मिनिटं वाजवून बँड घडत नाही. तो दर पंधरा दिवसांनी सव्वाशे लोकांसमोर वाजवून घडतो, ज्यातले साठ ओळखीचे आणि पासष्ट अनोळखी असतील.

आणि इंटरनेट? गाणं टाका, जग ऐकेल? स्पॉटिफायने 2024 पासून असा नियम केला, की बारा महिन्यांत 1,000 वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला रॉयल्टीच नाही. म्हणजे नव्या पोरांच्या बहुतेक गाण्यांना भोपळा. पैसे राहू द्या. तिथं समोर माणूस नसतो, तोंड नसतं, जांभई नसते. जांभई दिसल्याशिवाय गाणं लहान करायची बुद्धी होत नाही.

आता मला जे म्हणायचंय त्याकडे येतो. महाराष्ट्राने हा प्रश्न एकदा सोडवलेला आहे, दुसऱ्या कलेसाठी.

1971 मध्ये 'आविष्कार' ही नाट्यसंस्था निघाली. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि त्यांचे सोबती. व्यावसायिक रंगभूमीच्या थिएटरांत त्यांच्या प्रयोगांना ना तारखा परवडत होत्या ना प्रेक्षकसंख्या जमत होती. 1974 पासून ते दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग करू लागले. शाळेचा हॉल. खास रंगमंच नाही, गुबगुबीत खुर्च्या नाहीत. पुढची कितीतरी वर्षं मराठीतलं, आणि मराठीबाहेरचंही, नवं नाटक तिथं घडलं, पडलं, उभं राहिलं. लेखक तयार झाले, नट तयार झाले आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रेक्षक तयार झाला. चळवळीला नाव कुणा लेखकाचं मिळालं नाही, जाहीरनाम्याचं मिळालं नाही. शाळेचं मिळालं. आपण आजही 'छबिलदास चळवळ' म्हणतो. शाळेतला मुक्काम हलला तेव्हा आविष्कार माहीमच्या महापालिका शाळेत गेली, आणि तिथंही काम चालू राहिलं. मध्यंतरात प्यायला बिअर नव्हती म्हणून छबिलदासला कुणी आलं नाही असं ऐकिवात नाही. खाली गल्लीत बटाटावडा होता, तेवढं पुरलं.

पुण्यातही हेच. 1963 पासून पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा आहे. कॉलेजचं पोरगं भरत नाट्य मंदिरात आधी एकांकिका करतं, मग फिरोदिया करंडकात धडपडतं (फिरोदियाच्या तालमीतच कितीतरी गिटारवाले आणि ड्रमर पहिल्यांदा लोकांसमोर वाजवतात, ही गंमत बाहेरच्यांना माहीत नसते), मग सुदर्शन रंगमंच, ज्योत्स्ना भोळे सभागृह, अलीकडे 'द बॉक्स' किंवा हिराबागेतलं श्रीराम लागू रंग-अवकाश. शंभर-दोनशे माणसांच्या जागा. त्यानंतर यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, बालगंधर्व. शिडीला पायऱ्या आहेत. बँडच्या शिडीला खाली कॉलेजचं गॅदरिंग आणि वर लोलापलूझा, मधल्या पायऱ्या गायब. ज्याला उंच उडी मारता येते तो पोचतो. उंच उडी बहुतेक वेळा बापाच्या पैशावर मारली जाते, हे सांगायला नको. म्हणून तर रॉक म्हणजे श्रीमंतांच्या पोरांचा नाद अशी समजूत झाली, आणि ती अगदीच खोटी नाही.

तेव्हा मागणं छोटं आहे. महापालिकेने शहरातलं एक बंद सभागृह, सपाट जमिनीचं, दीडशे-दोनशे माणूस उभं राहील एवढं, आठवड्यातून दोन संध्याकाळी स्वतःची गाणी वाजवणाऱ्यांसाठी राखावं. दारू नाही, वयाची अट नाही, साडेसहाला सुरू आणि साडेनऊला दिवे बंद. बालगंधर्व नको. तिथं तारखा मिळवता मिळवता नाटकवाल्यांचेच जीव जातात, आणि बांधलेल्या खुर्च्यांत बसून ड्रम ऐकणं म्हणजे लग्नात हात बांधून जेवायला बसण्यासारखं. उपनगरांत महापालिकेची सांस्कृतिक भवनं आहेत, बहुउद्देशीय सभागृहं आहेत. 'बहुउद्देशीय' या शब्दात सत्कार, वाढदिवस आणि आरोग्य शिबिर याखेरीज चौथा उद्देश बसायला हरकत नसावी.

छबिलदासवरून शाळाच का नको, असं माझ्याही मनात आलं होतं. पण शाळा म्हटली की शांतता क्षेत्राचा मुद्दा आला, आणि रंगभवन ज्या दगडावर फुटलं तिथंच पुन्हा जहाज नेण्यात अर्थ नाही. बंद सभागृह मात्र कायद्याच्या बाजूने जातं, हे फार लोकांना ठाऊक नसतं. 2000 च्या त्याच नियमांत रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि त्याच कलमात बंद जागांना, म्हणजे प्रेक्षागृहं, सामुदायिक सभागृहं यांना आतल्या आत वापरासाठी सूट आहे. निवासी भागात मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. ती पाळायची तर आवाज आतच ठेवावा लागतो. बाणेर-बालेवाडीचे किंवा मुंढव्याचे रहिवासी छतावरच्या स्पीकरांबद्दल बोंब मारतात ती खरी आहे. उघड्या गच्चीवर सबवूफर लावून शेजाऱ्याच्या खिडकीची काच थरथरवणं म्हणजे संस्कृती नव्हे. माझी भाची कठड्यावर बसून जे ऐकत होती तेच शेजारच्या इमारतीतल्या आजोबांना ऐकू जात असणार: नुसती धडधड, गाण्याविना. खालचे स्वर भिंत ओलांडतात, शब्द ओलांडत नाहीत. म्हणून शेजाऱ्याला रॉक म्हणजे धडधड वाटते. त्याने ऐकलेलंच तेवढं.

छोट्या बंद खोलीत उलट कमी आवाज लागतो. ड्रमला माइकच लावत नाहीत. ड्रमर जेवढं वाजवेल त्याच्या वर गायकाचा आवाज आणायचा, बाकी गिटारा त्यात बसवायच्या. गळती विटांच्या भिंतीपेक्षा दाराच्या फटीतून, खिडकीतून, एसीच्या भोकातून जास्त होते. दोन दारं एकापाठोपाठ, खिडक्यांना आतून दुसरी काच आणि कडांना रबर. एक साधं ड्रमकिट, गिटारचे दोन अँप, बेसचा एक, सोळा चॅनलचा मिक्सर, चार मॉनिटर. ड्रमर आपलं स्नेअर, झांजा आणि पेडल घेऊन येतो, बाकी सामान जागेवरच असलं की अ‍ॅक्टिव्हावर गिटार पाठीला मारून पोरं येतील. टेम्पोचा खर्च वाचतो. आपल्या शहरात फुटपाथवरच्या बाकड्यांना 'माननीय अमुक यांच्या विकास निधीतून' असं लिहिण्याची पद्धत आहे. अँपवर नाव लिहायला भरपूर जागा असते. लिहा.

दहाच्या नियमाचं रडगाणं रॉकवाल्यांनी बंद करावं, हेही याच दमात सांगतो. सवाई गंधर्व महोत्सव 1953 पासून चालत आलाय. एकेकाळी रात्र-रात्र जागून, पहाटेच्या रागांनी त्याची सांगता व्हायची. नियम आला तेव्हा रसिक हळहळले. राज्य सरकारला वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत देता येते, त्यातला एखादा दिवस सवाईला मिळतो. बाकी दिवशी महोत्सव दहाला आटोपतो आणि तरी मंडप भरतो. जे भीमसेन जोशींच्या महोत्सवाला जमलं ते चार गिटारवाल्यांना जमायला हवं. अडचण नियमाची नाही, आमच्या सवयीची आहे. सातचा शो साडेआठला सुरू करायचा, साउंडचेक लोक आल्यावर करायचा, दोन गाण्यांच्या मध्ये पाच मिनिटं ट्यूनिंग करत पाठ फिरवून उभं राहायचं. नाटकात तिसरी घंटा होते आणि पडदा वर जातो, मग आत मुख्यमंत्री आलेले असोत वा नसोत. रॉकला तिसरी घंटा शिकावी लागेल.

'दारूशिवाय रॉक?' असं विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक पबवाले, त्यांचं मी समजू शकतो. दुसरे आमचेच जुने मित्र, ज्यांना रॉक म्हणजे बंड आणि बंड म्हणजे हातात बाटली असं चाळिशीनंतरही वाटतं. त्यांना मेलबर्नची गोष्ट सांगतो. तिथं 'द टोट' नावाचा जुना पब, स्थानिक बँडांचं माहेरघर. मद्यपरवान्याच्या अटींत लाइव्ह संगीत म्हणजे जास्त धोका, सबब जास्त सुरक्षारक्षक, असं समीकरण सरकारने बसवलं होतं. तो खर्च न झेपून टोट 2010 च्या जानेवारीत बंद पडला. फेब्रुवारीत हजारो लोक रस्त्यावर उतरले. त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं: संगीत आणि दारूचा दंगा यांची गाठ तुम्ही मारलीत, ती सोडा. पुढे टोट उघडला. 2014 मध्ये त्या राज्याने नगररचनेत असा नियम आणला, की जो नंतर आला त्याने आवाजाचा बंदोबस्त करायचा. जुन्या संगीताच्या जागेशेजारी नवी इमारत बांधलीत तर काचा तुम्ही लावा, जुन्या वस्तीत नवी जागा काढलीत तर भिंती तुम्ही जाड करा. आपल्याकडे हा नियम आला तर निम्मे पब हरतील, कारण वस्ती आधीची आहे. हरू देत. न्याय न्यायच.

आणखी एक आक्षेप हळू आवाजात घेतला जातो, पण असतो सगळ्यांच्या मनात: हे संगीत आपलं नाही, त्यावर करदात्यांचा पैसा का? सरकारचाही हाच समज दिसतो. जीएसटीच्या नियमात लोककला किंवा शास्त्रीय संगीत-नृत्य-नाट्य सादर करणाऱ्या कलाकाराच्या दीड लाखापर्यंतच्या मानधनाला करमाफी आहे. स्वतःचं गाणं रचून गिटारवर गाणारा यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. नव्या पोरांना याचा प्रत्यक्ष फटका बसत नाही, त्यांची वर्षाची कमाई नोंदणीच्या मर्यादेच्या आसपासही फिरकत नाही. पण कायद्याच्या मनात काय आहे ते कळतं: जुनं ते कला, नवं ते धंदा. त्याच जीएसटीत 500 रुपयांपर्यंतच्या मैफलीच्या तिकिटाला करमाफी आहे, ती मात्र सगळ्या संगीताला. दोनशेच्या तिकिटात दीडशे माणूस आला तर 30,000 होतात आणि बिअर न विकता दोन बँडांना परवाच्या पबपेक्षा जास्त मिळतात. गल्ला दाराशी जमतो, टेबलावर नाही, एवढाच फरक. त्या एवढ्याशा फरकाने कुठली गाणी वाजणार ते बदलतं.

आपलं-परकं म्हणाल तर, आपल्याकडे ऑर्गनवर नाट्यसंगीत झालं, क्लॅरिनेटवर वराती निघाल्या, बेंजोवर मिरवणुका नाचल्या. हा मुद्दा इतका घासून गुळगुळीत झालाय की पुढं वाढवत नाही. मला त्यापेक्षा भाषेची बाजू बोलायचीय. पुण्यातून निघालेला 'अग्नी' हिंदीत गायला, 'इझी वाँडरलिंग्ज' इंग्रजीत गातात, दोन्ही उत्तम. मराठीत रॉक करणारे बोटावर मोजावे लागतात. मुंबईचा 'अभंग रिपोस्ट' तुकोबांचे, चोखोबांचे अभंग बेस आणि ड्रमवर आणतो आणि तरुण पोरं नाचतात. पण स्वतःचं, आजचं, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकचं किंवा हिंजवडीतल्या नोकरकपातीचं मराठी गाणं कुठाय? पबमध्ये ते जन्मालाच येऊ शकत नाही. कलकलाटात नव्या मराठी ओळीकडे कान देणारा कुणी नसतो. शब्द ऐकू येणारी खोली असली की शब्दांकडे लक्ष द्यावं लागतं, आणि समोर आईबाप, आजी, कॉलेजचे मित्र असे मिश्र लोक बसले की पोरांच्या तोंडून घरची भाषा निघण्याची शक्यता वाढते. छबिलदासमध्ये प्रेक्षक हाताच्या अंतरावर आला तेव्हा नाटकाची भाषा बदलली होती. खोलीचा आकार भाषेला आकार देतो.

सरकारने असल्या भानगडीत पडावं का, असंही विचारतात. मेघालय सरकार पडलंय. तिथं स्थानिक कलाकारांना मानधन देऊन सार्वजनिक ठिकाणी नेमाने वाजवू देण्याचा प्रकल्पच चालतो. तिथं संगीत घरोघरी आहे म्हणाल, तर आपल्याकडे नाटक घरोघरी होतं म्हणूनच नाट्यगृहं बांधली गेली ना? की बांधली म्हणून घरोघरी राहिलं? मला दुसरं जास्त खरं वाटतं.

तर गेल्या आठवड्यात भाचीला घेऊन आमच्या भागातल्या एका सभागृहाच्या ऑफिसात गेलो. अर्जात 'कार्यक्रमाचा प्रकार' असा रकाना होता: नाटक, व्याख्यान, ऑर्केस्ट्रा, लावणी, सत्कार, इतर. तिने 'इतर'वर खूण केली. टेबलामागच्या काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"ऑर्केस्ट्रा म्हणजे, का?"

"नाही काका. आमची गाणी आहेत."

"तुमची म्हणजे कुणाची?"

"आम्हीच केलेली."

काकांनी थोडा विचार केला. "दारू-बिरू?"

"नाही."

"मग लोक येतील?"

ती काही बोलली नाही. काकांनी रजिस्टर पुढं ओढलं, बोट फिरवत खाली आले. "महिन्याचा तिसरा मंगळवार मोकळा आहे. अनामत आज भरावी लागेल. साडेनऊला मी मेन स्विच बंद करतो, मग स्टेजवर कुणी का असेना."

"चालेल," ती म्हणाली आणि पर्स उघडून 860 रुपये टेबलावर ठेवले. बाकीचे मी भरले.